विभाजन पावणाऱ्या पेशीतील सेंट्रोसोमची बांधणी सूक्ष्मदर्शीखाली कशी अभ्यासावी

कांद्याच्या मुळाचे टोक रंगवून सूत्री विभाजनाच्या अवस्था ओळखणे हे प्रात्यक्षिक जीवशास्त्राच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी केलेले असते. त्यात गुणसूत्रे दिसतात, पूर्वावस्था आणि मध्यावस्था वेगळ्या काढता येतात, पण पुस्तकातल्या आकृतीत तुरीच्या, म्हणजे गुणसूत्रे ओढणाऱ्या तंतूंच्या जुडग्याच्या, दोन टोकांना काढलेले दोन ठिपके कितीही शोधले तरी सापडत नाहीत. याला स्लाइड जबाबदार नसते. ते ठिपके म्हणजे सेंट्रोसोम, आणि कांद्याच्या पेशीत ते नसतेच. सपुष्प वनस्पती त्याच्याविनाच तुरी उभी करतात. ते ठिपके पाहायचे असतील तर प्राण्यांच्या पेशींकडे वळावे लागते आणि नुसत्या रंगाऐवजी एकेका प्रथिनाला ओळखणारी प्रतिपिंडे वापरावी लागतात. ज्यांच्याकडे पेशीसंवर्धनाची सोय आणि बऱ्यापैकी प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शी आहे, अशा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि नव्याने संशोधनास लागलेल्यांसाठी पुढील पद्धत लिहिली आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह मांडतो. सेंट्रोसोम हा पेशीतला एक तयार अवयव आहे असे समजून त्याचे ठिपके मोजत बसू नये. त्यातले बरेचसे बांधकाम दर विभाजनाला नव्याने उभारले जाते आणि विभाजन संपताच उतरवले जाते. त्यात कोणते प्रथिन आधी येते, कोणाच्या आधाराने टिकते आणि कोणाच्या हुकमाने वाढते, हे ठाऊक असल्याशिवाय प्रतिमेतला एकही ठिपका वाचता येत नाही. म्हणून हातात पिपेट घेण्यापूर्वी या बांधणीचा क्रम नीट समजून घ्यावा.

बांधणीचा क्रम

जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी 1888 मध्ये सेंट्रोसोम हे नाव रूढ केले. त्याच्या गाभ्याशी तारककेंद्रांची, म्हणजे सेंट्रिओलांची, जोडी असते. मानवी पेशीतले तारककेंद्र सुमारे 250 नॅनोमीटर व्यासाचे आणि 500 नॅनोमीटरच्या आसपास लांबीचे पिंप असते आणि त्याची भिंत ट्युब्युलिन या प्रथिनाच्या पोकळ नळ्यांच्या, म्हणजे सूक्ष्मनलिकांच्या, नऊ त्रिकुटांनी बनलेली असते. हा नऊचा आकडा सास-6 या प्रथिनाच्या रचनेतून येतो. त्याचे रेणू जोडीजोडीने एकमेकांत गुंतून नऊ आऱ्यांचे चाक तयार करतात आणि त्या चाकाभोवती नवी भिंत चढते. हे काम कधी आणि किती वेळा व्हावे हे पीएलके-4 हे कायनेज, म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारे विकर, ठरवते. ते प्रमाणाबाहेर झाले की एका जुन्या तारककेंद्राभोवती अनेक पिल्ले उगवतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पूर्वावस्थेत तारककेंद्र द्विगुणित होते, असे आपण शाळेत शिकलेले असतो. प्रत्यक्षात द्विगुणनाची सुरुवात डीएनएची प्रत निघू लागते त्याच सुमारास होते, आणि पूर्वावस्थेपर्यंत चार तारककेंद्रे तयार असतात. पूर्वावस्थेत दिसते ते दोन जोड्यांचे एकमेकींपासून दूर जाणे. या दोन जोड्यांना सी-नॅप-1 आणि रूटलेटिन या प्रथिनांच्या धाग्यांनी बांधून ठेवलेले असते. विभाजनापूर्वी नेक-2 हे कायनेज तो बांध सोडवते आणि मग ईजी-5 ही चालक प्रथिने सूक्ष्मनलिकांना विरुद्ध दिशांना रेटून जोड्या लांब नेतात.

तारककेंद्रांभोवती जे द्रव्य असते त्याला प्रयोगशाळेत सगळे पीसीएम (पेरिसेंट्रिओलर मटेरियल) म्हणतात. मीही तेच म्हणेन. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीत ते अनेक दशके आकारहीन धुक्यासारखे दिसत आले. 2012 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी उच्च विभेदनाच्या सूक्ष्मदर्शींनी एकाच सुमारास दाखवून दिले की विभाजन चालू नसताना हे धुके व्यवस्थित थरांत रचलेले असते. सीईपी-152 आणि सीईपी-192 ही प्रथिने तारककेंद्राच्या भिंतीलगत असतात. पेरिसेंट्रिन हे 3,300 हून अधिक अमिनो आम्लांचे लांबलचक प्रथिन आपले कार्बन टोक भिंतीशी रोवून दुसरे टोक बाहेर पसरते. बाहेरच्या बाजूला सीडीके-5-रॅप-2 असते. त्याच्या आधाराने गॅमा-ट्युब्युलिनची वलये येऊन बसतात, आणि सूक्ष्मनलिका उगवतात त्या या वलयांवरून. गॅमा-ट्युब्युलिन पहिल्यांदा 1989 मध्ये एका बुरशीत, अॅस्परजिलस निड्युलन्समध्ये, ओळखले गेले. एका वलयात त्याचे 14 रेणू मळसूत्रासारखे चढत्या वळणाने बसतात आणि त्यांवर 13 धाग्यांची नलिका उभी राहते.

विभाजन जवळ आले की हे थर फुगतात. या वाढीला सेंट्रोसोमचे परिपक्वन म्हणतात आणि आपल्या सगळ्या निरीक्षणाचा गाभा हाच आहे. मानवी पेशीत सीईपी-192 हे ऑरोरा-ए आणि पीएलके-1 या दोन कायनेजांना एकत्र आणते. ऑरोरा-ए पीएलके-1 ला जागे करते आणि पीएलके-1 पेरिसेंट्रिनवर फॉस्फेट चढवते. त्यासरशी आणखी पेरिसेंट्रिन, आणखी सीडीके-5-रॅप-2 आणि त्यांच्या मागोमाग आणखी गॅमा-ट्युब्युलिन गोळा होते. पेरिसेंट्रिन इतके मोठे आहे की ते तयार होऊन मग पोहोचायचे तर उशीर व्हावा. 2018 मध्ये असे दिसून आले की या काळात त्याचा संदेशवाहक आरएनए रायबोसोमांसह, भाषांतर चालू असतानाच, डायनीन या चालक प्रथिनाच्या मदतीने सेंट्रोसोमकडे ओढला जातो. प्रथिन बनता बनता कामावर हजर होते, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते.

फळमाशीत हेच काम सेंट्रोसोमिन, म्हणजे सीएनएन, करते. पोलो कायनेजने (पीएलके-1 च्या फळमाशीतल्या प्रतिरूपाने) फॉस्फेट चढवले की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. ते जाळे तारककेंद्रालगत नव्याने विणले जाते आणि हळूहळू बाहेर सरकते. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत एसपीडी-5 हे प्रथिन त्याच भूमिकेत आहे. शुद्ध केलेले एसपीडी-5 परीक्षानळीत गोलाकार थेंबांसारखे जमते आणि ट्युब्युलिनला आपल्यात ओढून घेते, हे 2017 मध्ये दाखवले गेले. त्यावरून पीसीएम हा द्रव थेंब मानायचा की घन जाळे, असा वाद उभा राहिला. माझे मत जाळ्याच्या बाजूने झुकते. मध्यावस्थेत ध्रुवावर सूक्ष्मनलिकांची जी ओढ पडते ती सोसायला काहीतरी ताणाला टिकणारे हवे, आणि परीक्षानळीतले ते थेंबही थोड्याच वेळात घट्ट होतात.

पेशी आणि स्थिरीकरण

पेशी निवडताना हेलापेक्षा आरपीई-1 घ्याव्यात, असे मी सुचवीन. हेला सहज वाढतात, पण त्या कर्करोगाच्या पेशी असल्याने त्यांत जादा सेंट्रोसोम अधूनमधून भेटतात आणि नवशिक्याला प्रयोगाचा परिणाम कोणता आणि मुळातला दोष कोणता हे कळत नाही. आरपीई-1 या डोळ्याच्या दृष्टिपटलामागच्या थरातल्या पेशी आहेत; त्यांची गुणसूत्रसंख्या जवळपास सामान्य असते आणि त्या चपट्या पसरत असल्यामुळे प्रतिमा स्वच्छ येते.

कव्हरस्लिप 0.17 मिलिमीटर जाडीचीच घ्यावी, कारण उच्च प्रतीची वस्तुभिंगे त्याच जाडीसाठी घडवलेली असतात. पेशींनी कव्हरस्लिप साठ-सत्तर टक्के भरली की काम सुरू करावे. न छेडलेल्या संवर्धनात शंभरातल्या थोड्याच पेशी विभाजनात सापडतात. जास्त हव्या असतील तर आरओ-3306 या सीडीके-1 रोधकाने त्यांना विभाजनाच्या उंबरठ्यावर रात्रभर थांबवून ठेवावे आणि मग धुऊन सोडावे. धुतल्यापासून सुमारे तासाभरात त्यांतल्या अनेक पेशी मध्यावस्थेत आलेल्या असतात. नेमकी वेळ आपल्या पेशींसाठी आपणच ठरवावी.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त बिघडते. विभाजन पावणारी पेशी गोल होते आणि काचेवरची तिची पकड सैल पडते. माध्यम जोरात ओढले किंवा बफर थेट पेशींवर ओतला तर नेमक्या आपल्याला हव्या असलेल्या पेशी वाहून जातात आणि काचेवर उरतात त्या चपट्या, विभाजनात नसलेल्या पेशी. सुरुवातीला माझ्या तीन कव्हरस्लिपा अशाच कोऱ्या निघाल्या आणि मी प्रतिपिंडावर संशय घेत बसलो होतो. माध्यम कडेने, हळू आवाजात बोलावे तितक्या सावकाशीने काढावे आणि 37 अंशांचा बफर तबकडीच्या भिंतीवरून सोडावा.

स्थिरीकरणासाठी उणे 20 अंश सेल्सिअसला गार केलेले मिथेनॉल वापरावे आणि त्यात कव्हरस्लिप दहा मिनिटे ठेवावी. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांना एकमेकांशी इतके जखडून टाकते की दाट पीसीएममध्ये प्रतिपिंडाला आपली जागा सापडत नाही. मिथेनॉल पाणी काढून घेते, पटलातले मेद विरघळवते आणि मोकळी विद्राव्य प्रथिने बऱ्याच अंशी धुऊन नेते, त्यामुळे सेंट्रोसोमवर पक्के बसलेले तेवढेच उठून दिसते. याची किंमतही आहे: पेशी आकसते, म्हणून मिथेनॉलमधल्या पेशीवर अंतरांची बारीक मोजमापे करू नयेत. मिथेनॉल फ्रीजरमधून काढून टेबलावर ठेवून विसरू नये. ते कोमट झाले की सूक्ष्मनलिका तुटक दिसू लागतात.

प्रतिपिंडांची जोडी

एकच प्रतिपिंड वापरून सेंट्रोसोमविषयी निष्कर्ष काढू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळतो. गॅमा-ट्युब्युलिनसाठी उंदराचे आणि पेरिसेंट्रिनसाठी सशाचे प्रतिपिंड घेतले तर त्या प्रतिपिंडांना चिकटणारी, दोन वेगळ्या रंगांनी चमकणारी दुय्यम प्रतिपिंडे गोंधळ न होता वापरता येतात. पेरिसेंट्रिन बांधणीचा सांगाडा दाखवते, गॅमा-ट्युब्युलिन त्या सांगाड्यावरचे काम. दोन्ही जिथे एकत्र दिसतात तोच ठिपका सेंट्रोसोम मानावा. तारककेंद्रांची संख्या मोजायची असेल तर सेंट्रिन या तारककेंद्रातल्या प्रथिनाचे प्रतिपिंड वेगळ्या कव्हरस्लिपवर लावावे, कारण पीसीएमचा ठिपका आत किती तारककेंद्रे आहेत हे सांगत नाही.

तीन टक्के बीएसए (गाईच्या रक्तद्रवातले अल्ब्युमिन प्रथिन) घातलेल्या बफरमध्ये अर्धा तास ठेवून मोकळ्या जागा बुजवाव्यात, प्राथमिक प्रतिपिंड तासभर किंवा चार अंशांना रात्रभर लावावे, तीनदा धुवावे, दुय्यम प्रतिपिंड अंधारात तासभर ठेवावे आणि शेवटी डीएनएसाठी डीएपीआय हा निळा चमकणारा रंग लावून कव्हरस्लिप बसवावी. सोबत एक कव्हरस्लिप केवळ दुय्यम प्रतिपिंड लावलेली ठेवावी. तिच्यावरही ठिपके दिसले तर बाकी सर्व प्रतिमा बाजूला ठेवून दुय्यम प्रतिपिंड बदलावे.

सूक्ष्मदर्शीखाली काय शोधावे

आधी डीएपीआयच्या निळ्या रंगात पेशीची अवस्था ठरवावी आणि मगच प्रथिनाचा रंग पाहावा. उलट क्रमाने पाहिले तर डोळा आपसूक सर्वांत तेजस्वी ठिपक्यांच्या पेशी निवडतो आणि आपण नकळत स्वतःची फसवणूक करतो.

विभाजनात नसलेल्या पेशीत केंद्रकाच्या कडेला गॅमा-ट्युब्युलिनचा एक किंवा अगदी लगटून दोन असे बारीक ठिपके दिसतात. पूर्वावस्थेत गुणसूत्रांचे धागे दिसू लागताच ते ठिपके केंद्रकाच्या दोन बाजूंना सरकलेले आणि ठळक झालेले असतात. मध्यावस्थेत गुणसूत्रांची पट्टी मधोमध आणि तिच्या दोन अंगांना दोन भरदार, किंचित अस्पष्ट कडांचे गोळे असे चित्र दिसते. फोकसचा स्क्रू किंचित फिरवला की एक गोळा स्पष्ट होतो आणि दुसरा विरघळतो, कारण गोल झालेल्या पेशीत तुरी बहुधा तिरकी असते. म्हणून 0.2 मायक्रोमीटरच्या टप्प्याने वरपासून खालपर्यंत प्रतिमांचा गठ्ठा घ्यावा. एकाच पातळीवरची प्रतिमा घेऊन एका ध्रुवावर प्रथिन कमी आहे असे म्हणू नये. पश्चावस्थेपासून गोळे फिके होऊ लागतात. फॉस्फेट उतरवणारी प्रथिने आता वरचढ झालेली असतात, सेपरेज हे विकर पेरिसेंट्रिनचे तुकडे करते आणि जोडीतली दोन तारककेंद्रे एकमेकांपासून सुटतात.

सेंट्रिनच्या कव्हरस्लिपवर सुरुवातीच्या टप्प्यात, म्हणजे जी-1 मध्ये, प्रत्येक पेशीत दोन ठिपके असावेत, डीएनएची प्रत निघून झाल्यानंतरच्या जी-2 मध्ये चार आणि मध्यावस्थेत प्रत्येक ध्रुवावर दोन. पीसीएमच्या आतले थर मात्र साध्या सूक्ष्मदर्शीत शोधू नयेत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 520 नॅनोमीटर आणि वस्तुभिंगाचे संख्यात्मक छिद्र 1.4 धरले तर विभेदनाची मर्यादा 186 नॅनोमीटरच्या आसपास येते. तारककेंद्राचा सगळा व्यासच 250 आहे. थर पाहायचे असतील तर संरचित प्रकाशाचे किंवा त्याहून सूक्ष्म विभेदनाचे उपकरण लागते.

गॅमा-ट्युब्युलिनबाबत आणखी एक सावधगिरी. मध्यावस्थेत त्याचा फिका पसारा तुरीच्या अंगभरही दिसतो. ती पार्श्वभूमीची घाण नव्हे. ऑगमिन हा प्रथिनसमूह त्याला तुरीतल्या जुन्या सूक्ष्मनलिकांवर बसवतो आणि तिथून नव्या नलिका फुटतात. हा पसारा मोजमापात सेंट्रोसोमच्या नावावर जमा होऊ नये, याची काळजी घ्यावी.

मोजमाप

फिजी हे विनामूल्य सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. गठ्ठ्यातल्या प्रतिमांची बेरीज करून एक प्रतिमा करावी. कमाल मूल्यांची प्रतिमा दिसायला सुरेख असते, पण तिच्यात एकूण प्रथिनाचे प्रमाण हरवते. प्रत्येक ध्रुवावर ठरावीक मापाचे वर्तुळ ठेवून आतली एकूण तीव्रता घ्यावी आणि शेजारच्या, तुरीबाहेरच्या भागातील तेवढ्याच क्षेत्रफळाची तीव्रता वजा करावी. सर्व कव्हरस्लिपांना प्रकाश आणि कॅमेऱ्याच्या उघडझापीचा काळ (एक्सपोजर) तोच ठेवावा. तो ठरवताना विभाजनात नसलेल्या पेशीकडे न पाहता मध्यावस्थेतील सर्वांत तेजस्वी पेशीकडे पाहावे. तिचे बिंदू 12-बिट कॅमेऱ्याच्या 4,095 या कमाल मूल्याला टेकले तर परिपक्वनाची वाढ खऱ्यापेक्षा कमी भरते, आणि ही चूक नंतर कोणत्याही गणिताने भरून निघत नाही.

बर्फाचा प्रयोग

प्रथिने जागेवर आहेत हे दिसले, तरी ती काम करतात का हे त्यातून कळत नाही. त्यासाठी कव्हरस्लिप ठेवलेली तबकडी बर्फावर ठेवावी. थंडीने सूक्ष्मनलिका विरघळतात, पण सेंट्रोसोम तसेच राहते. विभाजनातल्या पेशींना अर्धा ते एक तास द्यावा, कारण गुणसूत्रबिंदूंना जोडलेले तुरीतंतू थंडीला चिवट असतात आणि दहा मिनिटांत जात नाहीत. मग 37 अंशांचे माध्यम घालून शून्य, अर्धे, एक आणि दोन मिनिटांनी वेगवेगळ्या कव्हरस्लिपा मिथेनॉलमध्ये टाकाव्यात आणि अल्फा-ट्युब्युलिनसाठी रंगवाव्यात. अर्ध्या मिनिटाच्या कव्हरस्लिपवर ध्रुवाभोवती आखूड किरणांची चांदणी उमटलेली दिसते. तिचा आकार हेच पीसीएमच्या कामाचे माप. गुणसूत्रांजवळही काही नलिका स्वतंत्रपणे उगवतात. त्या वेगळ्या मार्गाने उगवत असल्याने सेंट्रोसोमच्या हिशेबात धरू नयेत. शून्य मिनिटाच्या कव्हरस्लिपवर नलिका शिल्लक असतील तर बाकीच्या कव्हरस्लिपा मोजू नयेत.

दोन औषधे, एकच आकृती

शेवटचा प्रयोग मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला करायला लावतो. एका कव्हरस्लिपवर पीएलके-1 चा रोधक बीआय-2536 हा 100 नॅनोमोलर प्रमाणात घालावा, दुसरीवर मोनॅस्ट्रॉल 100 मायक्रोमोलर प्रमाणात, आणि तिसरीवर ही औषधे ज्यात विरघळवली ते डीएमएसओ तेवढेच. काही तासांनी पहिल्या दोन्ही कव्हरस्लिपांवर सारखीच आकृती दिसते: दोन ध्रुव वेगळे न होता मधोमध अडकलेले आणि गुणसूत्रे त्यांच्याभोवती कड्यासारखी. डीएपीआयच्या प्रतिमेवरून कोणती कव्हरस्लिप कोणत्या औषधाची हे ओळखणे अवघड असते. मोनॅस्ट्रॉलने ईजी-5 बंद पडल्यामुळे सेंट्रोसोम नुसते दूर जाऊ शकलेले नसतात. त्यांच्याभोवती पेरिसेंट्रिन आणि गॅमा-ट्युब्युलिन मध्यावस्थेसारखे भरपूर जमलेले असते. बीआय-2536 च्या पेशीत मात्र तेच ठिपके विभाजनाबाहेरच्या पेशीसारखे बारीक आणि फिके राहतात, कारण पेरिसेंट्रिनवर फॉस्फेट चढवणारा हातच थांबलेला असतो. कव्हरस्लिपांवरील नावांच्या चिठ्ठ्या दुसऱ्या कोणाकडून झाकून घ्याव्यात, तिन्हींवरील पन्नास-पन्नास ध्रुव मोजावेत आणि आकडे लिहून झाल्यावरच चिठ्ठ्या उघडाव्यात.